फुटून निघायचा हक्क कुणाचा? दक्षिण कॅरोलिनापासून तामलवाडीच्या नाक्यापर्यंत

भवानी पेठ, सोलापूर.

मागच्या एपिसोडमध्ये आपण अमेरिकेच्या यादवी युद्धावर बोललो. त्यानंतर जे व्हॉइस मेसेज आले, त्यात एकच प्रश्न फिरून फिरून होता. ‘गुलामी वाईट, ते मान्य. पण कायद्यानं बघितलं तर दक्षिणेतल्या राज्यांना फुटून निघायचा हक्क होता का नव्हता? आणि असेल, तर लिंकननं फौज घातली ती कशाच्या जोरावर?’ एकानं शेवटी एवढंच जोडलं होतं : ‘आणि मग हैदराबादचं काय?’

हा शेवटचा प्रश्न भारी आहे. कारण हे भांडण बघायला आपल्याला अटलांटिक ओलांडायची गरज नाही. पेठेतून निघून तुळजापूर रस्त्याला लागलं की झालं. म्हणून आज अमेरिका थोडक्यात आणि हैदराबाद सविस्तर.

अमेरिकेचं आधी उरकून घेऊ. २० डिसेंबर १८६० ला दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडली. मागोमाग आणखी सहा राज्यं गेली, आणि एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्यावर आणखी चार. एकूण अकरा. त्यांचं म्हणणं असं : आम्ही स्वतंत्र राज्यं होतो, आपल्या मर्जीनं संघात आलो, करार मोडला गेला, आता आपल्या मर्जीनं चाललो. ऐकायला अगदी रास्त वाटतं. भाडेकरार संपला, खोली सोडतो, असं.

पण करार कशानं मोडला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया, मिसिसिपी आणि टेक्सस या चार राज्यांनी बाहेर पडण्याची कारणं देणारी निवेदनं काढली. मिसिसिपीनं तर सुरुवातीलाच सांगून टाकलं की आमचं सगळं गुलामीच्या प्रथेशी बांधलेलं आहे. दक्षिण कॅरोलिनाची मोठी तक्रार काय, तर उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत. आता गंमत बघा. ज्यांचं ब्रीद ‘राज्यांचा हक्क’, त्यांची तक्रार ही की उत्तरेतली राज्यं स्वतःचा हक्क वापरून आमचे गुलाम धरून देत नाहीत! नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सवाना इथल्या भाषणात सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या राज्याचा पाया आहे. युद्ध हरल्यावर याच गृहस्थांनी जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात वाद घटनेचा आणि राज्यांच्या अधिकाराचा होता, असं मांडलं. आज इंटरनेटवर जो ‘राज्यांचा हक्क’वाला युक्तिवाद फिरतो, त्याला खतपाणी घालणारं लिखाण हे असं हरल्यानंतरचं आहे. माणूस युद्धाआधी काय बोलला आणि नंतर काय बोलला, यात मी तरी आधीच्यावर विश्वास ठेवीन.

कायद्याचं उत्तर १८६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘टेक्सस विरुद्ध व्हाइट’ या खटल्यात दिलं. वाद सरकारी रोख्यांचा होता, पण त्यात न्यायालयानं ठरवलं की संघ अभंग आहे, एकतर्फी बाहेर पडता येत नाही. निकाल युद्ध संपल्यावर चार वर्षांनी आला, हे खरंय. जिंकणाऱ्याच्या राजधानीत आला, हेही खरंय. त्यामुळे कायद्याच्या बाजूनं कुरकुर करणाऱ्यांना जागा उरतेच.

पण मला त्यातला एक आकडा जास्त बोलका वाटतो. १८६० च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलिनातली निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. निम्म्याहून जास्त! म्हणजे ‘राज्यानं ठरवलं’ असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या राज्यातल्या बहुसंख्य माणसांना कुणी विचारलेलंच नव्हतं. हा आकडा खिशात ठेवा, पुढं लागणार आहे.

(जाता जाता : त्या युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्याच सुमाराला, १८६० मध्ये, सोलापूरला रेल्वे आली होती. आपल्याकडच्या कापसाला आला तसा भाव शेतकऱ्यानं कधी पाहिला नव्हता, आणि युद्ध संपल्यावर तो तसाच कोसळला. जुनी मिल त्यानंतर, १८७७ ची. असो, तो वेगळा एपिसोड आहे.)

आता आपल्याकडं.

कोजागरीला सोलापुरातून माणसं चालत तुळजापूरला जातात. तुमच्यातले कितीतरी जण गेले असतील. तामलवाडी आली की जिल्हा बदलतो, एवढंच आज जाणवतं. १९४७ मध्ये तिथं राज्य बदलायचं. अलीकडं मुंबई प्रांत, इंग्रजांचा मुलूख. पलीकडं हैदराबाद संस्थान, निजामाचा मुलूख, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं ‘मोगलाई’ म्हणत. तिथं करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तिथलं चलन वेगळं, हाली सिक्का. साधारण सात हाली रुपयांना आपले सहा कलदार. कारभाराची भाषा उर्दू. तुळजाभवानी महाराष्ट्राची कुलस्वामिनी, पण तिचं देऊळ परक्या राज्यात, अशी स्थिती.

हे राज्य लहानसहान नव्हतं. ऐंशी हजार चौरस मैलांहून मोठं, १९४१ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर. निम्म्याच्या आसपास तेलुगू बोलणारे, चौथाईच्या आसपास मराठी, बाकी कानडी आणि उर्दू. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. गादीवर मीर उस्मान अली खान, सातवे निजाम.

जून १९४७ मध्ये निजामानं फर्मान काढलं : इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र, सार्वभौम. भारतात नाही, पाकिस्तानात नाही.

आता दर वर्षी १७ सप्टेंबर आला की आपल्या फोनवर दोन प्रकारची स्टेटसं दिसतात. एकात ‘मुक्तिसंग्राम’, दुसऱ्यात ‘आक्रमण’. दोघंही एकमेकांना इतिहास वाचा म्हणून सांगतात. मी म्हणतो, वाचूच. आणि आधी निजामाची बाजू वाचू, तीही तिच्या पूर्ण ताकदीनिशी. समोरच्याचा युक्तिवाद लंगडा करून मग त्याला हरवण्यात काय मजा?

निजामाचं म्हणणं कायद्याच्या कागदावर उभं होतं. ब्रिटिश संसदेचा १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा, त्याचं सातवं कलम. त्यात म्हटलंय की १५ ऑगस्टला संस्थानांवरचं इंग्रजी राजाचं अधिपत्य संपेल, आणि त्याबरोबर त्यांच्याशी केलेले तहही. हे अधिपत्य नव्या भारत सरकारकडे सोपवलं, असं त्या कलमात कुठंही नाही. संपलं म्हणजे संपलं. मग निजामाचे वकील विचारायचे : ज्याच्या हाताखाली आम्ही होतो तो गेला, त्यानं आम्हाला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली दिलं नाही, मग आम्ही कोण? स्वतंत्रच ना? आणि त्यांचे सल्लागार कुणी ऐरेगैरे नव्हते. सर वॉल्टर मॉंक्टन, इंग्लंडमधले नामांकित वकील.

इथं अमेरिकेपेक्षा एक मोठा फरक आहे आणि तो निजामाच्या बाजूचा आहे. दक्षिण कॅरोलिना संघात होती आणि बाहेर पडली. हैदराबाद आत आलेलंच नव्हतं. सामीलनाम्यावर निजामानं कधी सही केली नाही. त्यामुळे ‘फुटून निघाले’ हा शब्दच त्यांना लावता येत नाही. नुसती कलमं बघितली, तर निजामाची केस दक्षिणेच्या केसपेक्षा किती तरी मजबूत होती. हे मला सांगावं लागतंय याचं काहींना वाईट वाटेल, पण आहे ते आहे.

मग भारताची बाजू?

एक मुद्दा जुनाच, आणि तो इंग्रजांनीच करून ठेवलेला. वऱ्हाडावरून निजामाचं इंग्रजांशी जुनं दुखणं होतं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर. निजाम ते परत मागत होता आणि म्हणत होता की अंतर्गत बाबतीत मी इंग्रज सरकारच्या बरोबरीचा. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं त्याला सरळ पत्र लिहून सांगितलं की हिंदुस्थानात इंग्रजी सत्ता सर्वोच्च आहे, तिच्याशी बरोबरीनं वाटाघाटी करायचा हक्क कुठल्याही संस्थानिकाला नाही. म्हणजे जे सार्वभौमत्व ‘परत मिळालं’ असं १९४७ मध्ये म्हटलं जात होतं, ते १९२६ मध्ये होतं कुठं?

दुसरा मुद्दा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९४७ मध्येच मांडला, त्रावणकोर आणि हैदराबादनं स्वातंत्र्याची भाषा सुरू केली तेव्हा. त्यांचा रोख असा : हे अधिपत्य इंग्रज राजाच्या खिशातली खाजगी वस्तू नव्हती. ते हिंदुस्थानच्या सरकारचं होतं, म्हणून नव्या सरकारला वारशानं मिळतं. ते हवेत विरून जाऊ शकत नाही. आणि अशा स्वतंत्र संस्थानांना जग मान्यता देणार नाही, हेही त्यांनी बजावलं.

तिसरा मुद्दा आपल्या अक्कलकोटचा. सातव्या कलमात हैदराबादचं नाव नाही, अक्कलकोटचंही नाही. सगळ्या संस्थानांना एकच नियम. म्हणजे त्या कलमाचा अर्थ ‘स्वतंत्र व्हा’ असा असेल, तर अक्कलकोटही स्वतंत्र देश! जमखिंडी वेगळा देश, सांगली वेगळा, जत वेगळा. साडेपाचशेच्या वर देश, आणि सोलापुरातून स्वामींच्या दर्शनाला जायचं तर पासपोर्ट. अक्कलकोट मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. कायद्याचा अर्थ लावताना तो शेवटपर्यंत नेला की काय होतं, हे यातून कळतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर यानं निजामाचा युक्तिवाद खोटा ठरत नाही, फक्त अवघड होतो. हैदराबादवाले म्हणणार, आम्ही फ्रान्सच्या निम्म्याला थोडं कमी आहोत, अक्कलकोटशी तुलना कसली करता?

म्हणजे कलमावर कलम ठेवून हा वाद सुटत नाही. मला वाटतं तो तिथं सुटणारच नव्हता. खिशातला आकडा आता काढा. राज्याला स्वतंत्र व्हायचंय, पण राज्य म्हणजे कोण?

हैदराबादमध्ये आठातली सात माणसं मुस्लिम नव्हती, आणि सत्ता, पोलीस, नोकऱ्या यात त्यांचा वाटा नावापुरता. पण हे नुसतं हिंदू-मुसलमान असं बघितलं की निम्मं चित्र निसटतं. विचारा की मत कुणाला होतं? १९४६ मध्ये सुधारणा म्हणून विधिमंडळाची निवडणूक झाली. त्यात हिंदू आणि मुस्लिम जागा समसमान, मतदार मोजके, आणि मंत्रिमंडळ कुणाला जबाबदार, तर निजामाला. स्टेट काँग्रेसनं तिच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे ‘हैदराबाद स्वतंत्र राहणार’ हे ठरवलं कुणी, तर एका माणसानं, फर्मान काढून. गरीब मुसलमान विणकराला किंवा टांगेवाल्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

त्या काळात इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेनं ‘अनल मलिक’ अशी घोषणा दिली होती. म्हणजे प्रत्येक मुसलमान हा राज्यकर्ता, निजाम हे त्याचं प्रतीक. स्टीव्हन्सच्या भाषणाची आठवण झाली ना? जन्मानं कोण राज्यकर्ता हे ठरवायचं आणि त्यावर स्वातंत्र्याची इमारत बांधायची. पण ज्याला राज्यकर्ता म्हणून फुगवलं जात होतं, तो मुसलमान शेतमजूर सावकाराच्या दारात उभाच होता.

आता जमीन. संस्थानातली साठ टक्क्यांच्या आसपास जमीन सरकारी महसुलाची, ‘दिवाणी’. दहा टक्क्यांच्या आसपास निजामाची स्वतःची, ‘सर्फेखास’. उरलेली जहागिरदारांची. जहागिरीत जहागिरदार हाच सरकार. आणि गावोगाव देशमुख, ज्यातले बहुसंख्य हिंदू. तेलंगणात ज्या विसुनूरच्या देशमुखाविरुद्ध १९४६ मध्ये पहिला भडका उडाला तो हिंदूच, आणि ४ जुलै १९४६ ला ज्याला गोळी लागली तो दोड्डी कोमरय्याही हिंदू. तिथं वेठीला ‘वेट्टी’ म्हणत. देशमुखाच्या घरी पाणी भर, लाकूड फोड, मेणा वाहा, अधिकारी आला की त्याची बडदास्त ठेव. मोबदला नाही. आणि ‘भगेला’ नावाची पद्धत : बापानं लग्नासाठी शे-दीडशे रुपये उचलायचे आणि फिटेपर्यंत स्वतः राबायचं, नाही फिटले तर पोरानं. फिटत कधीच नसत, कारण वही सावकाराकडं. निजाम सरकारनं १९३६ मध्ये भगेला करारांवर कायदा केला होता. कायदा होता, वहीही होती, आणि गावात वहीचं चालायचं.

ही अमेरिकेसारखी गुलामी होती का? नाही. बाजारात उभं करून माणूस विकत नव्हते. शब्द जपून वापरलेले बरे. पण १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्यांना दोन्हीकडच्या दुःखात काहीतरी एकसारखं दिसत होतं. ते दिसायला विक्रीची पावती लागत नाही.

आणि सोलापूरकरांनी लगेच कॉलर टाइट करायचं कारण नाही. तामलवाडीच्या अलीकडंही महार वतन होतंच. गावकीची कामं, निरोप, मेलेलं जनावर, रात्री-अपरात्री राबणं आणि बदल्यात तुटपुंजं बलुतं. बाबासाहेबांनी हे वतन रद्द करायचं विधेयक १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात आणलं, ते कुजवलं गेलं. वतन गेलं ते स्वातंत्र्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. अमेरिकेतही हेच की : उत्तरेच्या बाजूनं लढणाऱ्या चार राज्यांत गुलामी होतीच. हद्दीच्या एका बाजूला सगळा अंधार आणि दुसऱ्या बाजूला सगळा उजेड, असं नसतं.

म्हणूनच हैदराबादमधले दलित पुढारी दोन्ही बाजूंना दिसतात. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी तिथल्या अस्पृश्य समाजाला आवाहन केलं की निजामाच्या आणि इत्तेहादच्या बाजूनं जाऊ नका. त्याच वेळी श्यामसुंदर, औरंगाबादेत जन्मलेले दलित नेते, निजामाच्या बाजूनं उभे होते आणि पुढं संयुक्त राष्ट्रांपुढं जाणाऱ्या हैदराबादच्या शिष्टमंडळातही होते. त्यांचा संशय असा की भारतात गेलो तर मालक फक्त बदलेल. हा संशय मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. बाबासाहेबांचं गणित मला जास्त पटतं, कारण एकीकडं मताचा हक्क येऊ घातला होता आणि दुसरीकडं फर्मान. पण श्यामसुंदर यांना गद्दार म्हणून मोकळं होणाऱ्या पोस्टी वाचल्या की वाटतं, या मंडळींनी वेठ काय असते हे ऐकलंसुद्धा नसावं.

घटना आता झपाट्यानं सांगतो. ७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसनं ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. स्वामी रामानंद तीर्थांना १५ ऑगस्टला अटक झाली. सोलापूर, बार्शी या बाजूला हद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. सोलापूरला हे नवं नव्हतं. डिसेंबर १९३८ मध्ये आर्य समाजाची परिषद इथंच भरली होती, लोकनायक अणे अध्यक्ष, आणि निजामाविरुद्धचा सत्याग्रह इथून सुरू झाला होता. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, एका वर्षाचा. तो दोघांनीही पाळला नाही, असं दोघंही म्हणाले. हैदराबादनं पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि भारतीय चलनावर बंधनं आणली. भारतानं आर्थिक कोंडी केली. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड मे १९४८ चं. त्यांच्याविरुद्ध लिहिणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान, तोही मुसलमानच, ऑगस्टमध्ये हैदराबादेत रस्त्यावर मारला गेला. जुलैमध्ये नान्नजपाशी, आज जिथं आपण माळढोक बघायला जातो तिथं, भारतीय लष्कर आणि रझाकार यांच्यात चकमक झाली.

१३ सप्टेंबर १९४८, सोमवार, पहाटे. मेजर जनरल चौधरींच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरहून निघाली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आलं, बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत. मग उमरगा, तलमोड, हुमनाबाद, जहिराबाद. आज हैदराबादची एसटी ज्या रस्त्यानं जाते तोच रस्ता. १७ ला निजामानं शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं, १८ ला जनरल एल एद्रूसनं रीतसर शरणागती दिली. सरकारनं याला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटलं. रणगाडे घेऊन केलेली पोलीस अ‍ॅक्शन! पण त्या नावात कायद्याची एक खोच होती : पोलीस स्वतःच्या घरात जातात, परक्या देशात लष्कर जातं.

तिकडं पॅरिसला सुरक्षा परिषदेत हैदराबादची तक्रार १६ सप्टेंबरला चर्चेला आली. भारताच्या वतीनं रामस्वामी मुदलियार म्हणाले की हैदराबाद हे राष्ट्रच नाही, त्याला इथं उभं राहायचा अधिकार नाही. पुढच्या आठवड्यात निजामानं तक्रार मागं घेतली. परिषदेनं निकाल दिलाच नाही. विषय कार्यपत्रिकेवर वर्षानुवर्षं पडून राहिला. म्हणजे ‘कायदेशीर होतं का?’ याचं उत्तर कुठल्याही न्यायपीठानं दिलेलं नाही. १८६९ च्या निकालासारखं काही आपल्याकडं नाही.

आता जे सांगायचंय ते १७ सप्टेंबरच्या भाषणांत सहसा येत नाही. शरणागतीनंतरच्या दिवसांत मराठवाड्यात आणि शेजारी मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं सदिच्छा मंडळ तिथं पाठवलं. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा आहे. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. म्हणजे आपल्या हद्दीला लागूनच. काही ठिकाणी वर्दीतल्या माणसांनीही हात धुऊन घेतले, काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना जिवावर उदार होऊन वाचवलं, हे दोन्ही त्यात आहे. सरदार पटेलांना अहवाल मान्य नव्हता. तो कित्येक दशकं बाहेर आला नाही.

निजामाचं राज्य जायला हवं होतं, असं मला वाटतं. रझाकारांनी जे केलं ते माफ होण्यासारखं नाही. आणि तरी उमरग्याच्या किंवा लातूरच्या ज्या विणकराचा इत्तेहादशी काडीचा संबंध नव्हता, त्याचा जीव या हिशेबात कुठल्या बाजूला मांडायचा? कुणी म्हणेल, रझाकारांचा सूड. सूड घेतला तो मात्र ज्याच्या हाती बंदूक होती त्याच्यावर नव्हे, जो हाताशी सापडला त्याच्यावर. रझवी खटला चालून तुरुंगात गेले आणि १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेले.

कायद्याची गोष्ट अजून थोडी उरली आहे, आणि तिथं अमेरिका पुन्हा येते. फौजा हैदराबादेत शिरून दोन महिनेही झाले नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ ला दिल्लीत बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढं मांडला. भारताला ‘युनियन’ का म्हटलंय, हे समजावताना त्यांनी सांगितलं की हा संघ घटकराज्यांच्या आपसातल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला बाहेर पडता येणार नाही. आणि पुढं म्हणाले की राज्यांना फुटायचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावं लागलं. आपण ते तर्कावर न सोडता सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवलेलं बरं. हैदराबादचं नाव त्या वाक्यात नव्हतं. पण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात ते आलं नसेल?

निजामानं नोव्हेंबर १९४९ मध्ये आणखी एक फर्मान काढलं : भारताची घटना हैदराबादला लागू. ज्या लेखणीनं स्वातंत्र्य जाहीर केलं त्याच लेखणीनं ते संपवलं. २६ जानेवारी १९५० ला तेच निजाम राज्याचे राजप्रमुख झाले. जहागिरी त्याआधीच, ऑगस्ट १९४९ मध्ये, रद्द झाल्या होत्या. कुळकायदा १९५० मध्ये आला. पण ज्या देशमुखांनी कोमरय्याच्या गावाला वेठीला धरलं होतं त्यांच्यातले पुष्कळ जण टोपी बदलून नव्या राजवटीत परत आले, आणि जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यांशी सरकारची लढाई १९५१ पर्यंत चालू राहिली. श्यामसुंदर यांचा संशय आठवा.

आणि घटनेचं २३ वं कलम. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई. मूळ इंग्रजी मजकुरातसुद्धा तिथं ‘बेगार’ हा आपलाच शब्द आहे. इंग्रजीत त्याला नेमका शब्द मिळाला नसावा. हैदराबादच्या भगेल्याला हे कलम लागू झालं तेव्हा आपल्याकडच्या गावकामगारालाही त्याच दिवशी झालं. वेठबिगार मोडायचा स्वतंत्र कायदा यायला मात्र १९७६ उजाडलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि तामलवाडीला राज्य बदलायचं थांबलं.

पुढच्या भागात अक्कलकोट : छोट्या संस्थानानं सही कशी केली आणि गावात तेव्हा काय चाललं होतं. तुमच्या घरी ४८ सालचं आठवणारं किंवा ऐकून माहीत असलेलं कुणी असेल, हद्दीच्या या बाजूचं किंवा त्या, कुठल्याही धर्माचं, तर फोनवर त्यांना बोलतं करा आणि रेकॉर्डिंग पाठवा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. गावाचं नाव तेवढं सांगा.